रानांतली परीक्षा

अंगावर कांटा उभा राहणें यास संस्कृतांत रोमांच म्हणतात, हें वाचकांस सांगावयास नको. भरतमुनींनीं आठ सात्त्विक भाव मोजले आहेत, त्यांत स्तंभ आणि स्वेद यांच्या पाठोपाठ रोमांच येतो; आणि मौज अशी कीं, तो भयानें येतो तसाच हर्षानेंहि येतो, नुसत्या थंडीनेंहि येतो. अमेरिकेंतील एका लेखकानें लहान मुलांकरितां भयकथांची जी माला लिहिली, तिला त्यानें नेमकें हेंच नांव दिलें आहे. त्याच्या भाषेंत तो शब्द ‘गूजबम्प्स’ असा आहे. पिसें काढलेल्या पांखराच्या कातडीवर जे खडे दिसतात, त्यांवरून तो निघाला. आपला ‘रोमांच’ शब्द त्याहून सभ्य खरा, परंतु वस्तु एकच.

या लेखकाचें नांव रॉबर्ट लॉरेन्स स्टाइन. १९४३ सालीं ओहायो प्रांतांतील कोलंबस शहरीं यांचा जन्म झाला. मालेचें पहिलें पुस्तक १९९२ सालीं निघालें, आणि १९९५ च्या ऑक्टोबरांत तिजवरून दूरचित्रवाणीवर एक मालिका सुरू झाली, ती १९९८ पर्यंत चालली. आपल्याकडील मालिकांप्रमाणें एकाच घरांतील सासवा-सुना तींत वर्षानुवर्षें रडत नाहींत. गोष्ट नवी, पात्रें नवीं, भूतहि नवें, असा तिचा प्रकार आहे. प्रारंभीं काळा पोषाख केलेला एक गृहस्थ टेकडीवर उभा दिसतो. त्याच्या हातांतील पेटी उघडते आणि आंतील कागद वाऱ्यावर उडून खालच्या गांवावर पसरतात. मला तें दृश्य पाहून गुणाढ्याची आठवण झाली. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजानें ज्याची पैशाची भाषेंतील बृहत्कथा नाकारली, तो गुणाढ्य रानांत अग्नि पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवी आणि ज्वाळेंत टाकी. सात लक्ष श्लोकांपैकीं सहा लक्ष जळाले, असें सोमदेव सांगतो. पिशाचांच्या भाषेंतील गोष्टी, रान, अग्नि आणि श्वास रोधून ऐकणारी श्रोतृमंडळी, हा सगळा थाट आपल्याकडे इतका जुना आहे कीं, अमेरिकेच्या मुलांनीं शेकोटीभोवतीं भुतांच्या गोष्टी सांगितल्या तर आपण नाक मुरडण्याचें कारण नाहीं.

तथापि आमच्या घरांत नाकें मुरडलीं गेलींच. माझा धाकटा नातू नऊ वर्षांचा आहे. त्याच्या थोरल्या चुलत बहिणीनें सुटींत ही मालिका इंटरनेटवर शोधून काढली आणि भावंडांस दाखविण्यास आरंभ केला. तिसऱ्या दिवशीं धाकट्या सूनबाईंनीं मजकडे फिर्याद आणली, “बाबा, हें असलें पाहून तो रात्रीं एकटा न्हाणीघरांत जाईनासा झाला आहे. तुम्हीं एकदां बजावून सांगा.” तिकडे आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें निराळें. त्यांचें बालपण कोंकणांत गेलेलें. विहिरीवरचा मुंजा आणि आगरांतील हडळ यांच्या संगतींत त्या वाढल्या, आणि आज मध्यरात्रीं परसांत एकट्या जाण्यास त्या कचरत नाहींत. “भिऊं द्या थोडें,” त्या म्हणाल्या, “भिण्याशिवाय धीर कुठून यायचा?” असा वाद पडल्यावर, प्रश्नपत्रिका न वाचतां गुण देणें मला कधींच पटलेलें नसल्यामुळें, मीं मुलांबरोबर बसून एक गोष्ट आद्यंत पाहिली. ती १९९५ सालची असून दोन भागांत आहे. १९९३ मधील पुस्तकावर आधारलेली आहे. तिचें स्थळ रानांतील मुलांची छावणी हें आहे.

तिकडील या छावण्यांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. उन्हाळ्याच्या दीर्घ सुटींत मुलांना घरापासून दूर, तळ्याकांठीं किंवा रानांत, कांहीं आठवडे ठेवण्याची चाल तेथें फार रूढ आहे. १८६१ सालीं कनेक्टिकट प्रांतांत फ्रेडरिक विल्यम गन नांवाच्या एका शाळामास्तरानें आपल्या विद्यार्थ्यांस पायीं समुद्रकांठीं नेऊन तंबूंत ठेवलें. तेथपासून या चालीचा आरंभ धरतात. (मास्तरांच्या हातून जगांत कांहीं नवें घडलें कीं मला उगीच बरें वाटतें.) मुलें लांकडी खोपटांत राहतात, पोहतात, नाव वल्हवितात, रात्रीं शेकोटी करतात आणि घरीं पत्रें लिहितात. ही शेवटची बाब वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

गोष्ट अशी. बिली नांवाचा मुलगा अशा एका छावणीस निघतो. गाडी मुलांना ओसाड माळावर उतरवून चालती होते आणि कसलेसे हिंस्र प्राणी त्यांच्यावर चालून येतात. छावणीचा प्रमुख ऐन वेळीं येऊन त्यांना हांकून लावतो. हा प्रमुख मोठा हंसतमुख आहे, आणि सर्वांनीं त्याला ‘अंकल’ म्हणावयाचें असतें. छावणींत एक खोपट निषिद्ध म्हणून ठरलेलें आहे. तिकडे कोणीं फिरकावयाचें नाहीं. एका मुलास साप चावतो, तर देखरेख करणारा तरुण ‘होईल बरें’ म्हणून खांदे उडवितो. आणि थोड्याच वेळांत तो मुलगा दिसेनासा होतो. दोघे धीट पोरगे त्या निषिद्ध खोपटाकडे जातात. त्यांतला एकटाच ओरडत परत येतो. दुसऱ्याविषयीं विचारावें, तर ‘त्या नांवाचा मुलगा येथें कधीं नव्हताच’ असें उत्तर. याप्रमाणें एकेक सोबती नाहींसा होत जातो आणि वडीलधारे शांतपणें हंसत राहतात. फोन करूं जावें तर तो खोटा, खेळण्यांतला निघतो. आणि मग एका पिशवींत मुलांनीं घरीं लिहिलेलीं सगळीं पत्रें सांपडतात. एकहि पत्र टपालांत पडलेलें नसतें.

विकृत आवाज, शून्य गृह, अरण्य आणि भयंकर प्राण्यांचें दर्शन यांपासून भयानक रस उपजतो, असें नाट्यशास्त्रांत सांगितलें आहे. त्या यादींतलें बहुतेक सारें येथें आहे, आणि त्या प्राण्यांच्या गुरगुरण्यावर माझ्या शेजारीं बसलेल्या नातवानें उशी डोळ्यांपुढें धरली होती. मला मात्र त्यांचें कांहीं वाटलें नाहीं. मला भय वाटलें तें त्या पत्रांच्या पिशवीचें. मी दहा वर्षांचा असतां तालुक्याच्या गांवीं एका वसतिगृहांत शिकावयास होतों. मुलांनीं कार्डें गृहपतींच्या हातीं द्यावयाचीं, ते वाचून मग टपालांत टाकणार, असा तेथील नियम. एका पावसाळ्यांत मला आठ दिवस ताप होता. ‘आई, मला न्यावयास ये’ इतकें मीं लिहिलें आणि रोज फाटकाकडे पाहत पडून राहिलों. दिवाळींत घरीं गेलों तेव्हां कळलें कीं, असें कांहीं कार्ड आलेंच नव्हतें. बहुधा आईच्या जिवास घोर नको, या सद्हेतूनेंच तें ठेवून घेतलें असावें. पण त्या आठ दिवसांत माझ्या मनानें आईविषयीं जे तर्क केले, ते आठवले म्हणजे आजहि बरें वाटत नाहीं. भूत डोळ्यांना दिसतें तरी. न पोंचलेलें पत्र दिसतहि नाहीं.

गोष्टीचा शेवट सांगितल्यावांचून पुढील विचार मांडतां येणार नाहीं, म्हणून ज्यांना ती पाहावयाची असेल त्यांनीं क्षमा करावी. प्रमुख एके दिवशीं मुलांच्या हातीं बंदुका देतो आणि सांगतो, मुलींच्या छावणींतून दोघी पळाल्या आहेत, त्यांना टिपा. बिली ती आज्ञा मोडतो. बंदूक वळवून त्या हंसतमुख प्रमुखावरच रोखतो आणि घोडा दाबतो. कांहींच होत नाहीं, टाळ्या वाजतात. नाहींसे झालेले सर्व सोबती धडधाकट बाहेर येतात, आणि त्यांच्यामागून बिलीचे आईबापहि येतात! ही सगळी परीक्षा होती. आईबाप संशोधक असून एका अत्यंत धोक्याच्या ठिकाणीं प्रवासास निघावयाचे असतात. मुलास बरोबर न्यावें कीं नाहीं, हें ठरविण्यास ती योजिलेली असते. पुस्तकांत परीक्षेचे मुद्देहि सांगितले आहेत. निषिद्ध खोपटाकडे तो गेला नाहीं, म्हणजे आज्ञा पाळतो. बुडणाऱ्या तरुणास वांचविण्यास त्यानें नदींत उडी टाकली, म्हणजे शूर आहे. आणि गोळी झाडली नाहीं, म्हणजे आज्ञा केव्हां पाळूं नये हेंहि त्याला समजतें. तें धोक्याचें ठिकाण म्हणजे पृथ्वी! ही मंडळी मुळीं पृथ्वीवरचीं नव्हतींच. या शेवटावर माझी नात टाळ्या पिटून हंसली, आणि मलाहि हंसूं आलें. कारण आपल्या ग्रहाची ही कीर्ति अगदींच अवास्तव म्हणतां येत नाहीं.

नातू मात्र हंसला नाहीं. उशी बाजूला ठेवून तो म्हणाला, “आजोबा, म्हणजे त्याच्या आईबाबांना सगळं ठाऊक होतं?”

“होतें.”

“आणि तो रडत होता तेव्हांही?”

“तेव्हांहि.”

थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, “म्हणजे माझ्या टॉन्सिलसारखंच.”

दाराशीं उभ्या असलेल्या सूनबाईंचा चेहरा एकदम उतरला. दोन वर्षांपूर्वीं त्याच्या टॉन्सिलची शस्त्रक्रिया झाली. त्या सकाळीं पोरानें आकांत करूं नये म्हणून आईबापांनीं ‘आइस्क्रीम खावयास जाऊं’ असें सांगून त्याला रुग्णालयांत नेलें होतें. आइस्क्रीम मिळालेंहि, पण दुसऱ्या दिवशीं. घरांत आम्ही सर्व ती हकीकत गंमत म्हणून सांगत असूं. पोरानें ती दोन वर्षें निराळ्या खात्यांत मांडून ठेविली होती, हें त्या संध्याकाळीं कळलें.

त्या रात्रीं मीं महाभारत काढलें. बिलीच्या गोष्टीसारखें कांहीं तरी आपण पूर्वीं वाचलें आहे, अशी मनाला सारखी टोचणी लागली होती, आणि तें सांपडलें. द्वैतवनांत पांडव तृषित झाले असतां नकुल पाण्याच्या शोधार्थ जातो तो परत येत नाहीं. मग सहदेव, मग अर्जुन, मग भीम. रानांत सोबती एकेक करून नाहींसे होण्याची भयकथा व्यासांनीं लिहून ठेविली आहे ती अशी. जलाशयावर यक्षाची आज्ञा आहे कीं, माझ्या प्रश्नांचीं उत्तरें दिल्याशिवाय पाण्यास शिवूं नको. चौघे ती मोडतात आणि पडतात. धर्मराज ती पाळतो. तो यक्ष म्हणजे साक्षात् यमधर्म, अर्थात् युधिष्ठिराचा पिता. पुढें महाप्रस्थानाच्या वेळीं ‘या कुत्र्यास सोड आणि रथांत बैस’ असें इंद्र सांगतो. ती आज्ञा युधिष्ठिर मानीत नाहीं. कुत्राहि तोच पिता. आणि स्वर्गारोहणपर्वांत देवदूत त्याला अंधाऱ्या, दुर्गंधीनें भरलेल्या, किड्यांनीं व प्रेतांनीं बुजबुजलेल्या वाटेनें नेतो, भावांचे व द्रौपदीचे आर्त स्वर ऐकूं येतात, दूत ‘आतां परत चला’ म्हणतो. तेव्हां ‘तूं जा, मी येथेंच राहतों’ असें उत्तर तो देतो. मुहूर्तभरानें अंधार विरतो, देव प्रकट होतात, आणि पिता सांगतो कीं, ही मीं घेतलेली तुझी तिसरी परीक्षा. एकदां आज्ञा पाळण्याची, दोनदां न पाळण्याची! अमेरिकेच्या त्या लेखकानें महाभारत वाचलें असेल असें मी म्हणत नाहीं. पितृहृदय आणि भय हीं दोन्हीं जेथें आहेत, तेथें ही गोष्ट आपली आपण उगवत असावी.

पण दोन ठिकाणीं व्यासांचा हात त्या मालिकेस पोंचत नाहीं. पहिलें असें कीं, नरकदर्शन हें कपट होतें, ही गोष्ट तेथें लपविलेली नाहीं. इंद्र स्पष्ट सांगतो कीं, तूं द्रोणाला पुत्राविषयीं कपटानें फसविलेंस, म्हणून तुलाहि नरक कपटानेंच दाखविला. दोन्हीं ठिकाणीं मूळ शब्द ‘व्याज’ हा आहे. (भयानकाच्या तीन प्रकारांत भरतांनींहि एक व्याजज म्हणून सांगितला आहे, त्यांचा अभिप्राय तेथें निराळा असला तरी शब्दाचा योग मला गमतीचा वाटला.) म्हणजे फसविणें हें देवांच्या हिशेबींहि फसविणेंच, त्याला शिस्त किंवा परीक्षा म्हणून पांघरूण घातलेलें नाहीं. दुसरें याहून महत्त्वाचें. त्या अंधारांत उभा असतां युधिष्ठिर संतापतो आणि देवांची व खुद्द धर्माची निंदा करतो. जन्मभर ज्याचें नांव घेतलें त्याच्यावर उलटतो. आणि व्यास त्याला उलटूं देतात. त्या निंदेबद्दल पुढें कोणी त्याला शिक्षा करीत नाहीं. बिली मात्र आईबाप दिसतांच हर्षभरानें त्यांच्याकडे धांवतो आणि गोष्ट संपते. एवढी रात्र, एवढे सोबती, एवढीं पत्रें, आणि त्या मुलास रागावण्यास अर्धा मिनिटहि दिलेला नाहीं! माझ्या नातवानें तो राग बिलीच्या वतीनें धरला, असें मला वाटतें.

मीं पस्तीस वर्षें मुलांना आज्ञापालन शिकविलें, आणि अजूनहि तें शिकवावें याच मताचा आहे. परंतु तैत्तिरीय उपनिषदांत विद्या पुरी झालेल्या शिष्यास आचार्य निरोप देतो, तेव्हां आमचीं जीं चांगलीं आचरणें असतील तींच उचल, इतर नकोत, असें स्वतःच्याच तोंडानें सांगतो. बिलीच्या गोष्टींतला तो तिसरा मुद्दा, आज्ञा केव्हां पाळूं नये हा, इतक्या लहान वयाच्या मुलांपुढें मांडण्याचें धैर्य त्या लेखकानें केलें, याबद्दल मला आदर वाटतो. विशेषतः ज्याला ‘अंकल’ म्हणावयाचें, तो हंसतमुख असला तरी त्याचें सांगणें अयोग्य असूं शकतें, हें मुलांना कळणें आजच्या काळीं फार अवश्य झालें आहे. नात्याचा शब्द लावला म्हणजे नातें लागत नाहीं. राक्षसांच्या चित्रांपेक्षां हें मला अधिक उपयोगाचें वाटलें. तिकडेहि या पुस्तकांविरुद्ध पालकांच्या तक्रारी पुष्कळ झाल्या. १९९० ते १९९९ या दशकांत ज्या पुस्तकांवर अधिकांत अधिक आक्षेप आले, त्यांची शंभरांची यादी अमेरिकेच्या ग्रंथालय-संघानें प्रसिद्ध केली, तींत ही माला पंधरावी आहे. पहिला क्रमांकहि मुलांच्या भयकथांचाच. अल्विन श्वार्ट्झ यांनीं जुन्या लोककथांवरून रचलेल्या संग्रहांचा. मला तक्रार करावयाची झाली, तर भुताविषयीं करणार नाहीं. आईबापांनीं मुलास न सांगतां रानांत सोडावें आणि वर त्याला उत्तीर्ण म्हणून मिठी मारावी, हें इतक्या सहजतेनें कां दाखविलें, एवढेंच विचारीन.

सूनबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं मुलास जवळ घेऊन रुग्णालयाची ती सकाळ आरंभापासून सांगितली: डॉक्टर काय म्हणाले, आपण कां भ्यालों, खोटें कां सांगितलें. तो ऐकत होता. मग तो रागावला, चांगला पाय आपटून रागावला, आणि जेवावयास उशिरा आला. त्याच्या आजीनें भात पुन्हां गरम केला.

येत्या डिसेंबरांत त्याच्या शाळेची तीन रात्रींची छावणी सह्याद्रींत जाणार आहे. नांव द्यावें कीं नाहीं, यावर आधीं पुष्कळ चर्चा झाली होती. आतां त्याच्या बापानें त्याला समोर बसवून सगळें सांगितलें आहे: रात्रीं दिवे जातील, थंडी फार असेल, शौचास तंबूबाहेर जावें लागेल, रात्रीं कोल्हे ओरडतील, मोबाइल नेण्यास बंदी आहे आणि नको वाटलें तर मास्तरांना सांगून परत येतां येईल. मीं पालकांच्या सभेंत एकच प्रश्न विचारला, मुलांनीं लिहिलेलीं पत्रें कोण टपालांत टाकणार? तेथील तरुण शिक्षकांना हंसूं आलें, आजकाल पत्रें कोण लिहितो म्हणून; पण वाटेवरच्या गांवांत टपालपेटी आहे आणि मुलांना स्वतःच्या हातानें टाकूं देऊं, असें त्यांनीं कबूल केलें.

त्याप्रमाणें मीं टपालकचेरींतून चार कार्डें आणून दिलीं आहेत. हल्लींच्या मुलांनीं हा पदार्थ पाहिलेलाच नाहीं. त्यानें तें उलटसुलट करून पाहिलें आणि विचारलें, “आजोबा, हें तर उघडंच आहे. कोणीही वाचील कीं!”

“वाचूं दे,” मीं म्हटलें, “तूं पत्ता आधीं लिही. पिन कोडासकट.”